आमची वाटचाल : संत्रे तुम्हीच तोडा

नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरहून धापेवाड्याकडे जाताना ‘संत्रे स्वतः तोडून न्या’ असे बोर्ड आता ठिकठिकाणी दिसतात. त्यातला पहिला बोर्ड आमचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागे हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून आलेल्या पत्रकार मंडळींना भलत्याच माणसानं सांगितलं की ही कल्पना त्याची, आणि ते फोटोसकट छापूनही आलं.

बाग वडिलांनी लावली. शेंदुरजना घाटच्या कलमा, कलम बांधायला खाली जंभेरीचा खुंट, वीस बाय वीस फुटांवर लागवड. वडील होते तोवर बगीचा उभाच, म्हणजे झाडावरचा माल न तोडताच, विकायचो. व्यापारी यायचा, झाडाखालून फिरत नजरेनंच माल मोजायचा, इसार द्यायचा. पुढे तोडणी, भराई, गाडी सगळं त्याचं. पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. चांगली म्हणा, वाईट म्हणा, सगळे तेच करत होते.

२०१६ चा आंबिया, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलून दिवाळीच्या सुमारास तोडणीला येणारा बहार, मात्र आयुष्यभर लक्षात राहील. पाऊस बरा झाला होता, फळगळ कमी, फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले होते. दसऱ्याच्या सुमारास सौदा झाला, इसार मिळाला. दिवाळीनंतर तोडणी सुरू करायची ठरलं. आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या.

व्यापारी आला तो कापडी पिशवी घेऊन. पिशवीत सगळ्या जुन्या नोटा. आमचं खातं जिल्हा सहकारी बँकेत, आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना त्या नोटा घ्यायला रिझर्व्ह बँकेनं मनाई केलेली. हे त्याला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं. मी म्हटलं, नव्या द्या नाहीतर चेक द्या. तो म्हणाला, “भाऊ, घेता तं हे घ्या, नाही तं माल राहू द्या झाडाले.” आणि गाडीत बसून गेला. नंतर फोन उचलेना. त्याच आठवड्यात शेजारच्या गावात दुसऱ्याचा बगीचा त्यानं पडत्या भावात उचलला. एवढं करून वर इसार परत मागायला माणूस पाठवला! चहा पाजून परत पाठवला त्याला, इसार दिला नाही. आजही हा गृहस्थ लग्नात भेटला की हसून नमस्कार करतो.

आंबियाचा माल डिसेंबरात लांबला की काय होतं ते बागाईतदाराला सांगायला नको. साल सुटते, फळ आतून पोकळ लागतं. झाडावर फळ असेपर्यंत ताण देता येत नाही, फुलं यावीत म्हणून पाणी तोडता येत नाही, म्हणजे पुढच्या बहाराचंही खरं नाही. मी एक गाडी स्वतः भरून नागपूरच्या कळमना बाजारात नेली. तोडणीची मजुरी, भाडं, हमाली आणि अडत वजा जाता हाती आलेल्या पैशात डिझेलही निघालं नाही. मजुरांना द्यायला सुटे पैसे कोणाकडेच नव्हते. सौ.नं पाटल्या काढून ठेवल्या होत्या, पण सोनारही नवी नोट दाखवेना.

अशात अदाशाच्या गणपतीचं दर्शन घेऊन नागपूरला परतणारी एक सुमो गेटपाशी थांबली. भजनी मंडळाच्या बायका. त्यातल्या पुढच्या सीटवरच्या बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या, खाली उतरून म्हणाल्या, “आम्हाला आत येऊन तोडू द्याल का?” तोडायला मजूर नव्हतेच. मी म्हटलं, या. सगळ्यांनी ओच्यात, पिशव्यांत, पूजेच्या ताटातसुद्धा संत्रे भरले. पैसे द्यायची वेळ आली तर सगळ्यांकडे दोन-दोन हजारांच्या नव्या नोटा, माझ्याकडे सुटे नाहीत. बाईंनी पर्समधून चेकबुक काढलं आणि सगळ्यांच्या वतीनं एकच चेक लिहिला. शून्यं मोजून घेतली, खाली रेघ मारली, आणि मला पावती मागितली. पावतीपुस्तक नव्हतं म्हणून वहीचं पान फाडून दिलं. पुढच्या रविवारी त्यांनी तीन गाड्या पाठवल्या. धंदा सुरू झाला तो असा. बाई आजही येतात, आजही पावती मागतात, आणि वजनकाटा शून्यावर आहे की नाही ते वाकून बघतात.

मधली वर्षं बरी गेली.

आता कात्रीबद्दल. लोकांना वाटतं फळ ओढलं की झालं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ओढलं की देठाजवळ सालीचा तुकडा निघतो, भोक पडतं आणि घरी जाईपर्यंत ते फळ बुरशीच्या वाटेला लागतं. म्हणून प्रत्येकाला कात्री देतो. छाटणीचा सिकेटर नव्हे. लहान पात्याची, वाकड्या टोकाची, टोक बोथट केलेली. आधी देठ थोडा लांब ठेवून फळ झाडावरून वेगळं करायचं, मग हातात धरून फळाशी घासून दुसरा काप. हा दुसरा काप आळसानं टाळला की उरलेला देठ कॅरेटमधल्या शेजारच्या फळाला खिळ्यासारखा टोचतो. या कात्र्यांना धार मी स्वतः लावतो, शनिवारी संध्याकाळी, आणि त्या कोणाला उसन्या देत नाही.

गेट दहाच्या आधी उघडत नाही यावरून लोक चिडतात. दवानं ओलं फळ हाताळलं की सालीतलं तेल फुटून डाग पडतात, म्हणून थांबवतो. दुसरी तक्रार रंगाची. ऑक्टोबरात रात्री गार नसतात, त्यामुळे फळ गोड झालं तरी साल हिरवीच राहते. शहरातल्या माणसाला पिवळंच पाहिजे. मी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे गोडी मोजायच्या यंत्रावर, रसाचा एक थेंब टाकून त्यांनाच बघायला लावतो. आकडा दहाच्या खाली असेल तर त्या ओळीत कोणाला सोडतच नाही, कारण संत्रा तोडल्यावर घरी पिकत नाही. बाजारात घेतानाही पिवळेपणावर जाऊ नका, तो इथिलीन देऊनही आणता येतो. हातात घेऊन जड लागेल तो घ्या. बुरशी लागू नये म्हणून बुंध्याला लावलेली बोर्डो पेस्ट बघून ‘रंगकाम छान केलंय’ म्हणणारेही भेटतात. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, असं त्यांना सांगून मोकळा होतो.

ज्या माणसाचं पत्रकारांनी छापलं, तो दोन हंगाम आमच्याकडे ‘मार्गदर्शन’ घ्यायला येत होता. जेवूनही जायचा. मग त्यानं रस्त्यालगत गेट उभारलं, बोर्डावरचा मजकूर आमचाच, पेंटरनं आमच्या बोर्डावर केलेल्या चुकीसकट. प्रवेश फी, रेन डान्स, डीजे, हुरडा आणि जमलंच तर संत्रा. लॉनला रोज पाणी सोडायचा, ते बुंध्याशी साचायचं. दोन पावसाळ्यांत झाडांना डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळणारा रोग, लागला. आता त्याच्याकडचे कॅरेट कळमन्यातून येतात आणि झाडाजवळ मांडून ठेवलेले असतात. पाहुणे फोटो काढतात, खूश होतात. आमच्याकडे प्रवेश फी नाही, जे तोडाल त्याचं वजन, बस. तरी गुगलवर त्याला आमच्यापेक्षा जास्त तारे आहेत.

नवीन सुरू करणाऱ्या पोरांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. आधी बायांसाठी स्वच्छ संडास बांधा, सेल्फी पॉइंट नंतर. गाड्या झाडाखाली लावू देऊ नका. संत्र्याची खाद्यमुळं वरच्या थरातच असतात, जमीन दबली की झाड दोन वर्षांनी सांगतं. लहान मुलांना खालच्या फांद्या राखून ठेवा. आणि सगळा बगीचा पाहुण्यांवर सोडू नका, निम्मा व्यापाऱ्याला द्या, पण सौदा कागदावर करा आणि पैसे खात्यात घ्या. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं नाव फलकावर सगळेच लिहितात. त्या नावाचा माल झाडावर ठेवायला वर्षभर लागतं.

यंदा आंबियाचं फळ भरपूर आहे, दिवाळीनंतर रोज दहा ते चार या. मृगाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुलणाऱ्या बहाराचं, मात्र सांगता येत नाही. मे महिन्यातच पाऊस आला, ताण मोडला, फूल अर्धवट निघालं. फेब्रुवारीत यायचं असेल तर आधी फोन करा, आणि रविवार असेल तर मागच्या गेटानं या, पुढच्या रस्त्यावर त्या रेन डान्सवाल्याच्या डीजेची गर्दी असते.