तुम्ही विचारलंत म्हणून : मॉव्ह लावला तर खोली अंधारी होते का?

आमच्या बैठकीत नव्याने येणारं माणूस चहा येईपर्यंत भिंतीकडे बघत बसतं आणि मग हमखास विचारतं, "रंग सुंदर आहे हो, पण आमच्याकडे लावला तर खोली अंधारी नाही का होणार?" रंग म्हणजे राखाडी झाक असलेला फिकट जांभळा. पेंटच्या दुकानात त्याला मॉव्ह म्हणतात.

फिकट छटा घेतलीत तर खोली अंधारी होत नाही. बिघडवते ती ट्यूबलाइट. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, दिव्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं) पांढराशुभ्र उजेड असतो. त्यात निळा भाग जास्त, तांबडा कमी. त्यामुळे मॉव्हमधला गुलाबीपणा मरतो आणि भिंत सिमेंटसारखी करडी दिसू लागते. तीच भिंत २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली बघा, खोलीला ऊब येते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी दिवे बदला, मग रंगाचं बघा.

शेड कार्डावरच्या बोटभर तुकड्यावरून तर अजिबात ठरवू नका. सॅम्पलचा छोटा डबा आणा, मोठ्या पुठ्ठ्याला प्रायमर लावून रंगाचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळल्यावर तो भिंतीला टेकवून ठेवा. सकाळी बघा, दिवे लागल्यावर बघा. आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी तिरपं ऊन आलं की सागवानी कपाटालगतची भिंत गुलाबी होते आणि त्याच वेळी दारामागचा कोपरा पार करडा असतो. मला या रंगाचं हेच फार आवडतं.

पुठ्ठा फरशीलाही टेकवून बघा, हे कुणी करत नाही. शेजारच्या रंगाने भिंतीचा रंग वेगळा दिसतो, आणि हे फार पूर्वीच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे (टॅपेस्ट्री) विणले जात. तिथल्या काही धाग्यांचा रंग उठत नाही अशी तक्रार होती. रंगाईचं काम बघणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्या लक्षात आलं, की रंगात खोट नाही, शेजारचा धागा त्याला बदलतोय. १८३९ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथच लिहिला. आपल्या घरातही तेच घडतं. पिवळसर क्रीम व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर मॉव्ह आहे त्याहून जांभळा दिसतो, तेव्हा जास्त राखाडी छटा घ्या. हिरवट कोटा फरशी असेल तर तोच रंग गुलाबीकडे झुकतो.

छताला झगझगीत पांढरा नको, ऑफ-व्हाइट द्या. फिनिश मॅट बरा. चकाकी असली की पुट्टीतले उंचवटे दिव्याच्या उजेडात उठून दिसतात. लहान मुलं असतील तर धुता येणारा मॅट मागा.

ओल असलेल्या भिंतीला मात्र हा रंग लावू नका. लोणा फुटला की त्याचे पांढरे डाग क्रीम रंगावर खपून जातात, मॉव्हवर लांबूनही दिसतात. आधी गळती बंद करा, भिंत सुकू द्या. रंगही एकाच बॅचचा घ्या आणि थोडा शिल्लक ठेवा, नाहीतर पुढे टच-अपचा ठिपका वेगळा दिसतो.

आणि स्वयंपाकघरात? तिथे मी स्पष्ट नाही म्हणते. जांभळट भिंतींवरून परतणाऱ्या उजेडात वरणभाताचा पिवळा रंगसुद्धा मळकट दिसतो.