पॉण्टिॲक जीटीओ : पळवाटेतून निघालेली गाडी

अमेरिकन मसल कारचा, म्हणजे मध्यम आकाराच्या अंगात दांडगे इंजिन बसवलेल्या वेगवान गाडीचा, विषय निघाला की आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी फोर्डच्या मस्टँगचे नाव येते. माझ्या मते हा मान १९६४च्या पॉण्टिॲक जीटीओचा आहे, आणि तिची जन्मकथा कारखान्यापेक्षा कचेरीत अधिक घडली.

पॉण्टिॲक हा जनरल मोटर्सचा एक विभाग होता. ही कंपनी मुंबईला परकी नाही. १९२८ मध्ये तिने शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता, तो १९५४ पर्यंत चालला. याच कंपनीच्या अमेरिकेतील वरिष्ठांनी जानेवारी १९६३ मध्ये आपल्या सर्व विभागांना मोटारशर्यतींपासून दूर राहण्याचा हुकूम सोडला आणि शर्यतींच्या जोरावर नाव कमावलेल्या पॉण्टिॲकची पंचाईत झाली. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा दंडकही होताच.

मुख्य अभियंता जॉन डिलोरियन यांच्या चमूच्या ध्यानात आले की, पॉण्टिॲकच्या ३२६ आणि ३८९ घन इंचांच्या इंजिनांचे बाहेरचे माप एकच आहे. स्ट्रोकही (दट्ट्याच्या वरखाली फेरीची लांबी) तोच, फरक केवळ बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा). म्हणजे टेम्पेस्ट या पॉण्टिॲकच्या मध्यम आकाराच्या गाडीत जिथे लहान इंजिन बसते, तिथेच मोठेही बसणार. लालबागला गॅरेज चालवणाऱ्या माझ्या मित्राला हे सांगितले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "माउंटिंग जुळलं ना, मग बाकी सगळा हातचा मळ."

उरला दंडक. तो गाडीच्या मूळ इंजिनाला लागू होता, ग्राहकाने जादा पैसे मोजून मागवलेल्या पर्यायाबद्दल त्यात अवाक्षर नव्हते! मग जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल न ठरता टेम्पेस्टच्याच ल मान्स या आवृत्तीवरचा सुमारे २९५ डॉलरचा पर्याय ठरली, आणि विभागप्रमुख पीट एस्टेस यांनी वरिष्ठांना न विचारता तिला मंजुरी दिली. विक्री विभागाने भीत भीत ५,००० गाड्यांची मर्यादा घातली होती; पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०. तीन कार्ब्युरेटर लावलेल्या जीटीओची ताकद ३४८ अश्वशक्ती होती. त्या काळी कुर्ल्यात तयार होणाऱ्या आपल्या फियाटचे इंजिन १,०८९ सीसीचे, तर हे जवळपास ६,४०० सीसीचे. नाव मात्र सरळ फेरारीकडून उचललेले, त्यामुळे शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली.

१९६६ मध्ये जीटीओला स्वतंत्र मॉडेलचा दर्जा मिळाला आणि त्या वर्षी ९६,९४६ गाड्या विकल्या गेल्या. १९६९ ची 'जज' ही जीटीओची भडक आवृत्ती छायाचित्रांत फार दिसते. मला स्वतःला १९६५ची, एकावर एक दिवे असलेली गाडी अधिक देखणी वाटते.

तेलसंकटाने मसल कार संपवल्या, हे वाक्य सर्रास वाचायला मिळते. जीटीओपुरते ते मला पटत नाही. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते त्याआधीच भडकले होते, आणि कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावे म्हणून १९७१ पासून इंजिनांचे कॉम्प्रेशनही (सिलिंडरात इंधन-हवेचे मिश्रण दाबण्याचे प्रमाण) उतरवण्यात आले होते. १९७३च्या मॉडेलच्या जेमतेम ४,८०६ गाड्या खपल्या, आणि अरब देशांनी तेल रोखले ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, म्हणजे पुढच्या वर्षीचे मॉडेल बाजारात आल्यावर. ते १९७४चे मॉडेल व्हेंचुरा या लहान गाडीवर बेतलेले होते. ऐन टंचाईत त्याच्या ७,०५८ गाड्या गेल्या, तरीही पॉण्टिॲकने जीटीओ तिथेच थांबवली.