तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे

२०२४ च्या मे महिन्यात आमचा फ्रिज बंद पडला. सांगलीतला मे म्हणजे रात्री अकरालाही भिंती गरम, आणि फ्रिजमध्ये आईची इन्सुलिन. न उघडलेली बाटली २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते म्हणून आईनं सगळ्या बाटल्या स्टीलच्या डब्यात घालून शेजारच्या काकूंकडं ठेवल्या, काकूंनी कधी तोंड वाकडं केलं नाही पण रोज दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं म्हणून आई किती अवघडायची ते मी बघत होतो.

फ्रिज आठ महिन्यांचा, वॉरंटीतला. कस्टमर केअरला फोन केला, ४८ तासात माणूस येईल म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी कामावर असताना आईला फोन, "मॅडम रस्त्यातच आहे, मोबाईलवर कोड आला असेल तेवढा सांगा." तिनं सांगितला. तो कोड काम झाल्यावर द्यायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माणूस आला नाही, संध्याकाळी मेसेज आला, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे.

पुढं महिनाभर तेच. दरवेळी नवा माणूस, नवा तक्रार नंबर, परत पहिल्यापासून सगळं सांगा. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवरही नोंदवलं तर कंपनीचं उत्तर, ग्राहकानं कोड दिलाय, विषय संपला. म्हणजे माझी आईच खोटी! त्या दिवशी ठरवलं, आता ग्राहक आयोगात जायचंच.

आपल्याकडं कोर्ट म्हटलं की वकील, फी, चपला झिजणं हेच डोळ्यासमोर येतं, घरातलेही नको म्हणत होते. पण इथं वकील लागतच नाही, आणि वस्तूला मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कंपनीचं ऑफिस हरियाणात, तरी २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. आधी रजिस्टर एडीनं नोटीस पाठवली, मराठीतच, साधी दीड पान. उत्तर नाही. मग तक्रार, शपथपत्र, बिल, मेसेजचे स्क्रीनशॉट, आणि आईची वही. दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर तिनं प्रत्येक फोनची तारीख नि वेळ लिहून ठेवलेली, "४.१० ला फोन, उद्या येतो म्हणाला" अशी. माझ्या मते सगळ्यात जास्त जोर त्या पानात होता. बिलाचा मात्र लगेच फोटो काढून ठेवा, त्या कागदावरची शाई उडते, आमचं अर्धं उडालेलं.

कंपनीला म्हणणं द्यायला ३० दिवस असतात, वर फार तर १५. पहिल्या तारखेला कुणीच नाही, दुसऱ्या तारखेला वकील आले आणि बाहेर व्हरांड्यातच म्हणाले, मिटवून टाकू, फ्रिजचे पूर्ण पैसे आणि वर खर्च. आई तयार होती. मी एकच मागितलं, तडजोडीच्या पुरसीसमध्ये, म्हणजे आयोगात द्यायच्या लेखी कागदात, एक ओळ घाला की त्या दिवशी टेक्निशियन घरी आलाच नव्हता. त्यांनी कुणाला तरी फोन केला, पाच मिनिटांनी येऊन म्हणाले पैसे वाढवून देतो पण ती ओळ नको.

आईनं माझा हात धरला, म्हणाली पुरे आता, सही कर. केली. पैसे महिन्याभरात खात्यावर आले, नवीन फ्रिज आला, इन्सुलिन घरी आली. ती ओळ राहिली, ती मी लिहून घ्यायलाच पाहिजे होती असं मला आजही वाटतं.