पंखा फक्त चारवरच फिरतो

जानेवारीत पहाटे गाडीने अमळनेरहून जळगावला निघालो होतो, काचेवर आतून वाफ धरली म्हणून हिटर लावला तर पंखा एकवर काही नाही, दोनवर नाही, तीनवर नाही, आणि चारवर टाकल्याबरोबर एकदम वावटळ. म्हटलं चालतंय ना, मग झालं. हिटरचा आणि एसीचा पंखा एकच असतो हे डोक्यातच आलं नाही.

मग आला मे. आमच्या खान्देशातला मे काय असतो ते सांगायला नको. चोपड्याला लग्न, मागे आबा आणि आई, आणि पंखा कायम चारवर घोंघावतोय. आबा म्हणे अरे हळू कर तो, म्हटलं आबा हळू होतच नाही, मग म्हणे बंद कर, केला बंद, तापीचा पूल येईस्तोवर स्वतःच म्हणाले लाव बाबा लाव.

लग्नाहून आल्यावर एका मोठ्या वर्कशॉपला गाडी दाखवली तर सरळ म्हणे ब्लोअर मोटर, म्हणजे या पंख्याची मोटर, गेली, अख्खी बदला. आता मला सांगा, मोटर गेली असती तर चारवर तरी फिरली असती का? फ्यूज उडाला असता तरी सगळंच बंद पडलं असतं. नॉबवाल्या एसीत एक ते तीनचा करंट रेझिस्टरमधून, म्हणजे करंट अडवून कमी करणाऱ्या छोट्या पार्टमधून जातो, म्हणून पंखा हळू फिरतो, आणि चारवर तो रेझिस्टरला वगळून थेट मोटरला जातो. त्यामुळे फक्त चारच चालू असेल तर पहिला संशय रेझिस्टरवरच घ्यायचा. (ऑटोमॅटिक एसीवाल्यांनी हे सोडून द्या, तिथं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं.)

एवढं कळल्यावर मी लगेच शहाणा झालो. बॅटरीची निगेटिव्ह काढली, डॅशबोर्डचा खण उतरवला, त्याच्यामागे दोन स्क्रूवर रेझिस्टर बसवलेला, स्पेअर पार्टच्या दुकानातून तसाच आणून लावला. चारही नंबर चालू! तीन आठवडे. मग परत तेच, आणि या वेळी रेझिस्टरला वायर जोडणाऱ्या कनेक्टरचं प्लास्टिकही एका कोपऱ्यात पिवळं पडून वितळलेलं.

शेवटी पारोळ्याच्या एका वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने रेझिस्टरकडे बघितलंसुद्धा नाही, आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, ओढून काढला. फिल्टर कसला, गोधडीच ती. कडुलिंबाची पानं, धूळ, आणि पांढरा कापूस, खरोखरचा कापूस. मग ब्लोअर खाली उतरवला तर त्याच्या जाळीत उंदराने घर केलेलं, कापसाची गादी आणि वर शेंगांची फोलपटं. म्हणे, "भाऊ, पंखाले हवाच भेटत नही, मंग रेझिस्टर जयई नही ते काय करी?"

म्हणजे पंख्याला हवाच मिळत नाही, मग रेझिस्टर जळणार नाही तर काय. त्याचं म्हणणं बरोबर होतं. रेझिस्टर वापरात तापतोच, त्याला थंड ठेवायला ब्लोअरचीच हवा लागते, म्हणून तो हवेच्या वाटेतच बसवलेला असतो. फिल्टर चोंदला की ती हवा कमी होते. वर पंख्यात कचरा अडकून तो जड फिरायला लागला की मोटर जास्त करंट ओढते, तो सगळा ताण परत रेझिस्टर आणि कनेक्टरवरच येतो. मी नुसता जळालेला पार्ट बदलत बसलो, तो का जळाला ते बघितलंच नाही. मोटर साफ केल्यावर त्याने हाताने फिरवून दाखवली, अगदी हलकी, बोटाने टिचकी मारली तरी दोन-तीन फेऱ्या घेत होती. मग नवा रेझिस्टर, नवा कनेक्टर, नवा फिल्टर. पूर्ण ब्लोअर बदलण्याचा जो आकडा सांगितला होता त्याच्या पावभागातसुद्धा काम झालं, आणि वर चहा त्यानेच पाजला.

आता एकवरही गार लागतं. गाडी मात्र अजून त्याच पत्र्याच्या शेडमध्ये, शेंगांच्या पोत्यांना खेटून उभी असते, आणि पोती हलवायची कुठं यावर आबांशी बोलणं चालू आहे.