आधी परिचर्या विभाग दाखवा : बडोद्यातील माझा अनुभव

2024 च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा समा भागातील आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते आणि आम्ही दोघे तिसऱ्या मजल्यावर, वीज आणि लिफ्ट बंद असताना, तीन दिवस अडकून पडलो होतो. माझ्या यजमानांना 2019 पासून पार्किन्सनचा आजार आहे. त्यांना लेव्होडोपाची गोळी दिवसातून पाच वेळा ठरलेल्या वेळी द्यावी लागते. ती अर्धा-पाऊण तास लांबली तरी त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, आणि ती अचानक बंद पडणे तर धोक्याचेच असते. तिसऱ्या दिवशी सकाळी डबीत सात गोळ्या उरल्या होत्या. शेजारच्या घरातील कॉलेजात जाणारा मुलगा पाण्यातून चालत गेला आणि दुपारपर्यंत गोळ्या घेऊन आला. ज्या पुरात नदीतील मगरी वस्तीत शिरल्याच्या बातम्या येत होत्या, त्या पुरात दुसऱ्याच्या मुलाला मी बाहेर पाठवले, ही गोष्ट आजही मला अस्वस्थ करते. त्याच आठवड्यात आम्ही ठरवले की, आपण दोघांनी कोठे आणि कोणाच्या आधाराने राहायचे याचा निर्णय हातपाय चालत आहेत तोवरच घ्यायचा.

आमचा मुलगा बंगळुरूला आणि मुलगी टोरांटोला आहे. दोघांनीही आम्हाला मनापासून बोलावले होते. परंतु यजमानांचे सारे आयुष्य दांडिया बाजार, सुरसागर आणि कमाटीबाग यांच्या परिघात गेले आहे, आणि बंगळुरूच्या बाराव्या मजल्यावर दिवसभर मदतनिसाच्या सोबतीने बसून राहणे त्यांना नको होते. म्हणून ज्येष्ठांसाठीच्या निवासात राहायला जायचे आम्ही ठरवले. आमच्या थोरल्या जाऊबाईंना हा विचार पटला नाही. "मुलगा असताना लोक काय म्हणतील?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना सासूबाईंच्या शेवटच्या चार वर्षांची आठवण करून दिली. त्या वेळी वाड्यात आम्ही तीन सुना होतो, तरीही त्यांच्या माकडहाडाजवळ शय्याव्रण झाला, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि रात्री उठून ते करण्याचे त्राणही कोणात उरत नसे. माया कमी नव्हती, माणसेही होती. सेवेचे शास्त्र मात्र आम्हाला ठाऊक नव्हते. हे ऐकून जाऊबाई बराच वेळ गप्प बसल्या आणि पुढे एका भेटीला त्या स्वतः आमच्याबरोबर आल्या.

सप्टेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात आम्ही ज्येष्ठांच्या निवासाची चार ठिकाणे पाहिली. पहिले शहराबाहेरचे नवे संकुल होते. बाग, वाचनालय, छोटे देऊळ, योगासाठी सभागृह हे सारे सुरेख होते आणि माहितीपत्रकात 'आयुष्यभराची काळजी' असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. मी परिचर्या विभाग, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा होते तो भाग, पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी एका मोकळ्या जागेकडे बोट दाखवले. घरी येऊन मी गुजरात रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची नोंद उघडून पाहिली. घरांच्या इमारतींची नोंदणी होती, परंतु परिचर्येची इमारत त्यात कोठेही नव्हती. शिवाय करारनामा होण्यापूर्वीच किमतीच्या पंचवीस टक्के रक्कम मागितली जात होती. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 13 नुसार विक्री-कराराची नोंदणी झाल्याशिवाय विकासकाला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ते कलम मी त्यांच्यासमोर ठेवले आणि आम्ही परत आलो.

दुसरा एका विश्वस्त संस्थेचा आश्रम होता. तेथील माणसे प्रेमळ होती, शुल्क आमच्या आवाक्यात होते आणि जेवणही साधे व ताजे होते; मात्र प्रवेशाच्या नियमांतील पहिलीच अट अशी होती की, स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच तेथे राहता येईल. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला नातेवाइकांनी परत न्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्या प्रांजळपणाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आपल्याकडच्या अनेक वृद्धाश्रमांत हीच अट असते आणि प्रवेश घेताना ती वाचायची राहून जाते. तिसरे ठिकाण पुण्याजवळ होते. तेथे मराठी वातावरण आणि उत्तम परिचर्या दोन्ही होती, आणि तेथे जाण्याचा आमचा विचार जवळजवळ पक्का झाला होता. परंतु सहा वर्षे यजमानांना तपासणारे मेंदूविकारतज्ज्ञ बडोद्यात, सगळी नाती बडोद्यात, अशा स्थितीत पंचाहत्तरीजवळ सारे नव्याने उभारण्याची उमेद आम्हा दोघांतही नव्हती.

चौथे ठिकाण शहराच्या पूर्वेला, महामार्गापलीकडे आहे. तोवर मी पाहणीची स्वतःची पद्धत ठरवली होती. आधी परिचर्या विभाग आणि मग राहण्याची घरे, हा क्रम मी कोणाच्याही आग्रहाखातर बदलत नसे. एकदा वेळ ठरवून आणि दोनदा न कळवता, त्यातही एकदा रात्री नऊनंतर, असे आम्ही तेथे गेलो. रात्री किती खाटांमागे किती मदतनीस आहेत, घंटा वाजवल्यावर किती मिनिटांत कोण येते, खोलीत लघवीचा वास कोंडलेला आहे का, कूस बदलल्याच्या नोंदी वेळेनिशी आहेत की कामाची पाळी संपताना एकदम भरलेल्या दिसतात, हे मी पाहिले. आसपासच्या शेतकऱ्यांना आणि दूधवाल्याला 2019 च्या आणि 2024 च्या पावसात पाणी कोठवर आले होते, हेही विचारले. जनरेटरवर लिफ्ट चालते का, याची खात्री मी ती प्रत्यक्ष चालवायला लावून करून घेतली.

प्रत्येक ठिकाणी मी एक प्रश्न न चुकता विचारला : सकाळी साडेसहा, साडेनऊ, साडेबारा, साडेतीन आणि साडेसहा, या वेळांना तुम्ही गोळी द्याल का? पहिल्या दोन ठिकाणी उत्तर मिळाले की, औषधे नाश्ता आणि दोन्ही जेवणांबरोबर सर्वांना एकदमच दिली जातात. लेव्होडोपाला ते चालत नाही, कारण आहारातील प्रथिने तिच्या शोषणाच्या आड येतात आणि म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास द्यावी लागते. या चौथ्या ठिकाणच्या मुख्य परिचारिकेने उत्तर देण्याऐवजी मलाच प्रश्न विचारले : गोळीचा असर कोणत्या वेळी उतरतो, असर चढलेला असताना हातापायांच्या अनावर हालचाली होतात का, पाणी पिताना ठसका लागतो का? मग त्यांनी एका कागदावर पाचही वेळा लिहून घेतल्या. परतीच्या वाटेवर यजमान म्हणाले, "अगं, या बाईंना माझा आजार माहीत आहे." माझ्या मनाचा कौल तेथेच पडला होता.

भाषेचा विचारही मी केला होता. आम्हाला गुजराती मातृभाषेसारखीच येते. पण पार्किन्सनच्या पुढच्या टप्प्यात काहींना स्मृतिभ्रंश होतो, आणि अशा वेळी पुढे शिकलेली भाषा आधी निसटून बालपणीची भाषा उरल्याची उदाहरणे आमच्याच घरात आहेत. तेथे नंदुरबारकडच्या दोन परिचारिका आहेत आणि त्यांच्याशी यजमान पहिल्याच दिवशी मराठीत बोलू लागले.

मन वळले तरी करारनामा वाचायला मला सहा आठवडे लागले. विद्यापीठाच्या हिशेब विभागात मी एकतीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे ही सवय जाणार नाही. येथे घर विकत मिळत नाही. परताव्याची ठेव आणि दरमहा शुल्क, असा व्यवहार आहे. शुल्काचे तीन स्तर आहेत आणि स्तर ठरवताना सहा कामे पाहतात : अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. ही यादी अमेरिकेतील डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी 1963 साली मांडलेल्या मोजपट्टीवरून आलेली आहे. मूळ मसुद्यात स्तर बदलण्याचा निर्णय 'व्यवस्थापनाचा व अंतिम' होता. आमच्या आग्रहावरून तेथे आमच्या डॉक्टरांचे लेखी मत आणि तीस दिवसांची पूर्वसूचना हे शब्द आले. दोघांपैकी एक परिचर्या विभागात गेला तर दुसऱ्याने घर सोडावे लागणार नाही, रुग्णालयात असताना खोली राखून ठेवली जाईल, आणि दोघांच्याही पश्चात ठेव साठ दिवसांत वारसांना परत मिळेल, ही तीन कलमेही आम्ही लिहून घेतली. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 साली निवृत्तांच्या गृहसंकुलांसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. आमची प्रश्नावली करताना त्यांचा मला फार उपयोग झाला.

पैशाचे गणित मात्र कठोर आहे. शुल्क दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढणार असेल, तर ते नऊ वर्षांत दुप्पट होते. उलट ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त 30 लाख रुपये ठेवता येतात आणि 8.2 टक्के दराने त्यावर दर तिमाहीला 61,500 रुपये मिळतात. पाच वर्षे हा आकडा जागचा हलत नाही. म्हणून चालू खर्च भागतो का एवढेच न पाहता, मी दहाव्या वर्षीचा खर्च मांडला आणि त्यात एकाला तिसऱ्या स्तराची काळजी लागेल असे धरले. तेव्हा दिसले की, समाचे घर कधीतरी विकावे लागणार आहे. आरोग्यविम्याचा आधार येथे अपुरा पडतो, कारण तो रुग्णालयातील उपचारांसाठी असतो. सत्तरी ओलांडलेल्यांना मिळणारे आयुष्मान वयवंदना कार्ड आणि त्यावरील वर्षाला पाच लाखांचे संरक्षणही त्यासाठीच आहे. रोज अंघोळ घालणाऱ्या आणि घास भरवणाऱ्या हातांचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो.

कागदपत्रांतील एक गोष्ट कळल्यावर मला धक्का बसला. यजमानांनी मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले होते आणि त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. वकिलांनी सांगितले की, भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार, ते करून देणाऱ्याचे मानसिक भान सुटले की ते पत्रही संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते आणि मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. त्यामुळे आम्ही बँकेची सारी खाती 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला' अशी करून घेतली, नामनिर्देशने तपासली आणि दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रे केली. पार्किन्सनमुळे यजमानांचे अक्षर बारीक होत गेले आहे, आणि सही जुळत नाही म्हणून एका बँकेने त्यांचा धनादेश दोनदा परत पाठवला होता. ज्या माणसाने चाळीस वर्षे अभियांत्रिकी आराखड्यांवर सुबक सह्या केल्या, त्याला खिडकीपाशी उभे राहून पुन्हापुन्हा सही करताना पाहणे मला सहन झाले नाही. नमुना सही आम्ही बदलून घेतली.

अखेरच्या उपचारांबाबतचे इच्छापत्रही त्यांनी तेव्हाच केले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे असतात. मुलगी टोरांटोहून फोनवर होती. व्हेंटिलेटरसंबंधीचे वाक्य यजमानांनी स्वतः सांगितले आणि मी ते लिहिले, तेव्हा माझा हात त्यांच्या हातापेक्षा अधिक थरथरत होता.

फेब्रुवारी 2025 मध्ये आम्ही एकवीस दिवस शुल्क भरून तेथे राहून पाहिले. सोळाव्या दिवशी दुपारची गोळी चाळीस मिनिटे उशिरा आली. मी तक्रार लिहून दिली. संध्याकाळी मुख्य परिचारिका चूक मान्य करायला खोलीत आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गोळीची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे दिली गेली. चूक झाल्यावर येथे काय घडते हे कळल्यामुळे माझा विश्वास वाढला. एप्रिलमध्ये आम्ही करारावर सह्या केल्या आणि जूनमध्ये, पावसाळ्याचे पाणी चढण्यापूर्वी, राहायला आलो. गोळ्यांच्या पाच वेळा करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडलेल्या आहेत. तिसऱ्या स्तराचे दर तीन वर्षांपुरतेच बांधलेले असल्यामुळे एप्रिल 2028 मध्ये पुन्हा बोलणी करावी लागतील. समाच्या घराची किल्ली तोवर शेजारच्या त्या मुलाच्या आईकडे ठेवली आहे.