आधी एक्स-रे, मग तिकीट

"मॅडम, फुप्फुसाचं ऑपरेशन झाल्यावर विमानात बसता येते का जी?"

हा प्रश्न मला शाळेच्या फाटकात, आठवडी बाजारात, कोणाच्या तेरवीच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला आहे. आर्वी तालुक्यातल्या ज्या गावात मी शिकवते, तिथं माझं ऑपरेशन सगळ्यांना माहीत आहे. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मुंबईला टाटामध्ये काढला. नंतर पुष्कळ महिन्यांनी मी लेकीकडे बंगळुरूला विमानानं जाऊन आले. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांत ज्याच्या घरी छातीचं ऑपरेशन होतं, मग ते कॅन्सरचं असो की टीबीनंतर छातीत पू साचला म्हणून केलेलं असो, त्याच्या घरून मला फोन येतो. बहुतेक वेळा तिकीट आधीच निघालेलं असतं. पोरगा पुण्याला किंवा हैदराबादला असतो. बाबांना रात्रभर गाडीत हाल नकोत म्हणून मायेनं तिकीट काढतो, आणि मग घरातल्या कोणाच्या तरी मनात शंका येते.

तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. जाता येतं. ऑपरेशन झालेल्या बहुतेकांना पुढे कधी ना कधी विमानानं जाता येतं. पण कधी, हे टाके वाळल्यावरून ठरत नाही आणि भूक लागायला लागली यावरूनही नाही. छातीचा एक्स-रे आणि रक्तातला ऑक्सिजन, या दोन गोष्टींवरून ते ठरतं. "वावरात जाऊन येतो, काही होत नाही," असं लोक सांगतात तेव्हा मला आनंदच होतो. चालणं फार चांगलं. पण वावरात जाऊन येणारा माणूस आठ हजार फुटांवर कसा राहील, ते त्या चालण्यावरून पक्कं कळत नाही.

आठ हजार फूट कुठून आले, ते सांगते. विमान पस्तीस-अडतीस हजार फुटांवर उडतं. आतली हवा दाबून भरलेली असते हे खरं, पण ती जमिनीवरच्याइतकी दाबलेली नसते. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर हवा जितकी विरळ असते, तितकी ती असते. आपलं चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे. आठ हजार फूट म्हणजे २४०० मीटर. चिखलदऱ्याच्या डोक्यावर आणखी एक चिखलदरा ठेवलं तरी तेवढी उंची भरत नाही. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटर. म्हणजे एवढ्या उंचीवर पाय ठेवायला आपल्या राज्यात जागाच नाही, आणि विमानातला माणूस अर्ध्या तासाच्या आत खुर्चीत बसल्या बसल्या तिथं पोचलेला असतो.

तिथं दोन गोष्टी होतात. ऑक्सिजन कमी मिळतो, आणि बंद जागेतली हवा फुगते. लोक पहिलीला घाबरतात. मला भीती दुसरीची वाटते, म्हणून तिच्याबद्दल आधी सांगते.

बंगळुरूहून परत येताना मी वर असताना पाण्याची बाटली रिकामी केली, झाकण घट्ट लावलं आणि समोरच्या जाळीत ठेवली. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर विमान टेकलं तेव्हा बाटलीच्या दोन्ही बाजू आत बसल्या होत्या. वरची विरळ हवा तिच्यात कोंडलेली होती आणि खाली आल्यावर बाहेरच्या दाबानं तिला चेपलं. वर जाताना याच्या उलट होतं. जमिनीवर कोंडलेली हवा वर गेल्यावर पसरते, आणि आठ हजार फुटांच्या हिशेबानं जवळजवळ एक तृतीयांशानं वाढते.

आता ही कोंडलेली हवा छातीत असेल तर? फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये एक बारीक फट असते. ऑपरेशनमध्ये छाती उघडतात तेव्हा, किंवा दुर्बिणीतून करतात तेव्हासुद्धा, त्या फटीत हवा जाते. शिवाय फुप्फुस जिथं कापलं तिथून काही दिवस हवा गळू शकते. त्यासाठीच बरगड्यांमधून नळी घालून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेलं असतं. वॉर्डात सिस्टर रोज सकाळी खाटेजवळ यायच्या आणि म्हणायच्या, "खोका." मी खोकले की त्या माझ्या तोंडाकडे नाही, खाली बाटलीकडे बघायच्या. पाण्यात बुडबुडे आले म्हणजे हवा अजून गळतेय. पाणी नुसतं वरखाली हललं आणि बुडबुडा आला नाही, की त्यांचा चेहरा खुलायचा. शेजारच्या खाटेवरच्या यवतमाळकडच्या बाईंची बाटली बरेच दिवस बुडबुडत राहिली. त्यांची आई पदर तोंडाला लावून त्या पाण्याकडे बघत बसायची. पुढे बुडबुडे थांबले, नळी निघाली आणि त्या चालत घरी गेल्या.

नळी काढल्यावर एक्स-रे काढतात तो याचसाठी. फुप्फुस नीट फुललं का, फटीत हवा राहिली का, हे त्यात दिसतं. हवा राहिलेली असताना विमानात बसलं तर ती वर फुगते, फुप्फुसाला दाबते, आणि फार वाढली तर हृदयालाही बाजूला ढकलते. दवाखान्यात असं झालं तर डॉक्टर काही मिनिटांत सुई किंवा नळी घालून ती हवा काढतात. ढगांवर तसा हात पोचत नाही. म्हणून छातीत हवा कोंडलेली असताना विमानप्रवास नाहीच, मग प्रवास तासाभराचा असो की दहा तासांचा.

"पण दहा दिवस झाले की चालते म्हणतात," हे मला हमखास ऐकायला मिळतं. तो आकडा हवेतून आलेला नाही. छातीच्या ऑपरेशननंतर पहिले दहा दिवस एअरलाइन आपल्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सहसा घेत नाहीत आणि पुष्कळ सर्जन दोन आठवडे किंवा जास्त थांबायला सांगतात. पण हे दिवस सगळं सुरळीत झालेल्या पेशंटसाठी आहेत. ज्याच्या छातीत हवा राहिली होती त्याच्यासाठी ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी या छातीच्या डॉक्टरांच्या संस्थेचा सल्ला असा, की हवा पूर्ण गेल्याचं एक्स-रेमध्ये दिसू द्या आणि तिथून पुढे सात दिवस थांबा. मोजणी ऑपरेशनच्या तारखेपासून नाही, स्वच्छ एक्स-रेच्या तारखेपासून. म्हणून डॉक्टरांना "किती दिवसांनी जाऊ?" असं विचारू नका. "माझ्या छातीत हवा उरली आहे का, आणि हे पाहायला शेवटचा एक्स-रे कधी काढला?" असं विचारा. कधी कधी थोडी हवा बरेच आठवडे एका कोपऱ्यात तशीच राहते आणि वाढत नाही. तेव्हा काय करायचं, ते तुमचा सर्जनच ठरवेल. ज्यांचं एका बाजूचं पूर्ण फुप्फुस काढलंय त्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्या रिकाम्या जागेत आधी हवा असते आणि ती जाऊन तिथं हळूहळू पाणी भरतं, त्याला आठवडे-महिने लागतात. अशा माणसाचं तिकीट सर्जनशी बोलल्याशिवाय काढूच नका.

अमरावतीला बेलोऱ्याचं विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून एक नवा प्रश्न येतो: "ते छोटं विमान आहे, खालून उडते, त्यात चालेल ना?" पंख्याचं विमान कमी उंचीवर उडतं हे खरं. पण आतला दाब त्यातही कमी होतोच. छातीत हवा असेल तर तेही नको.

आता ऑक्सिजन. त्या उंचीवर एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन, जमिनीवर हवेत २१ ऐवजी १५ टक्केच ऑक्सिजन असता तर जेवढा मिळाला असता, तेवढा असतो. धडधाकट माणसाच्याही रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नव्वदीच्या आसपास उतरतो आणि त्याला ते जाणवतही नाही. फुप्फुसाचा तुकडा गेलेल्याकडे उतरायला तेवढी जागा नसते. कोविडनंतर ऑक्सिमीटर गावोगाव आशाताईंकडे आहे. बसल्या जागी बघा आणि जिना चढून आल्यावरही बघा. ९५ च्या वर राहत असेल तर बरं लक्षण. ९२ च्या खाली असेल तर विमानात ऑक्सिजनची सोय लागेल असं धरून चालायचं. पण हा नुसता आकडा म्हणजे परवानगी नव्हे. तो लिहून छातीच्या डॉक्टरांना दाखवा. शंका असेल तर मोठ्या दवाखान्यात एक तपासणी करतात. १५ टक्के ऑक्सिजनची हवा वीसेक मिनिटं हुंगायला देतात आणि आकडा किती खाली जातो ते बघतात. जमिनीवर बसूनच विमानातली स्थिती कळते.

"वरून मास्क पडतो ना?" असं एका काकाजींनी फार विश्वासानं विचारलं होतं. तो मास्क पेशंटसाठी नाही. विमानातला दाब अचानक गेला तरच तो पडतो आणि त्यातला ऑक्सिजन थोडीच मिनिटं पुरतो, विमान खाली येईपर्यंत. ज्याला सतत ऑक्सिजन लागतो त्यानं आधी व्यवस्था करायची असते. घरचं सिलिंडर नेऊ देत नाहीत. भाड्यानं आणलेलं, भिंतीच्या विजेवर चालणारं मोठं मशीनही चालत नाही. बॅटरीवर चालणारं, विमानात मान्य असलेलं छोटं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, लागतं. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत आणि प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या ठेवायच्या, कारण विमानं उशिरा सुटतात.

आणि एअरलाइनला सांगायचंच. "सांगू नका, उतरवून देतील," असा सल्ला गावात फार प्रेमानं दिला जातो आणि मला त्याचा फार राग येतो. मेडिफ नावाचा एक फॉर्म असतो. थोडा पेशंट भरतो, थोडा डॉक्टर, आणि एअरलाइनचे डॉक्टर तो बघतात. निदान तीन-चार दिवस आधी पाठवायचा. चाकांची खुर्चीही त्याच वेळी मागून घ्यायची. व्हीलचेअर घेतली म्हणजे माणूस लुळा झाला असं काही नसतं. विमानतळावर चालणं फार लांब पडतं. नेमक्या वेळी दम लागला तर काय झालं असेल ते विमानातल्या लोकांना कळायला पाहिजे. अचानक छातीत कळ आली किंवा श्वास पुरेना, तर लाजू नका, डोक्यावरचं बटण दाबा. त्यांच्याकडे अडीअडचणीपुरता ऑक्सिजन असतो आणि प्रवाशांत डॉक्टर आहे का ते विचारता येतं.

टीबीचं औषध नुकतंच सुरू झालेल्यांनी मात्र घरीच राहा. थुंकीतून जंतू जात असताना विमानात बसायचं नाही, हे दुसऱ्यांसाठीही आहे. डॉक्टरांनी आता संसर्ग नाही असं सांगितल्यावरच निघा.

पायांचंही बघावं लागतं. ऑपरेशननंतर, विशेषतः कॅन्सर असेल तर, पोटरीत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो आणि बसून राहिलं की तो वाढतो. आपल्याकडे लोक विमानाचे दोन तासच मोजतात. गावातून जीपनं आर्वी, तिथून एसटीनं नागपूर, मग विमानतळावर वाट बघणं, हे सगळं बसणंच आहे. मध्येच उतरून चालायचं. विमानात कडेची सीट मागायची. आणि बायांनो, लघवीला जावं लागेल म्हणून सकाळपासून पाणी न पिता निघू नका. आपल्यातली प्रत्येक बाई प्रवासात हेच करते आणि त्यानं रक्त घट्ट होऊ शकतं.

पोरांसाठी तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, संत्री न्यायची असतात, ते मी समजू शकते. पण ती बॅग दुसऱ्यानं उचलायची, वरच्या कप्प्यात तर नक्कीच दुसऱ्यानं ठेवायची. बरगड्यांमधली जखम वरून वाळली तरी आत भरायला बराच काळ लागतो. हातातल्या पिशवीत फक्त औषधं, डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा एक्स-रे.

मुंबईहून घरी परतण्याबद्दल एवढंच सांगेन, की ऑपरेशन झाल्याबरोबर विमानाची घाई करू नका. पहिली तपासणी होईपर्यंत तिथंच थांबा. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटाच्या पेशंटसाठी आहे आणि तिथं आपल्याकडची माणसं भेटतात. मी विदर्भ एक्स्प्रेसनं आले, खालच्या बर्थवर. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ असतं, सोबत्यालाही सवलत मिळते. त्याचा फॉर्म दवाखान्यातूनच भरून घ्यावा लागतो. आणि मुलांना सांगा, विमानाचं तिकीट काढायचंच असेल तर तारीख बदलता येणारं काढा. थोडे पैसे जास्त लागतात. पण एक्स-रेमध्ये हवा दिसली तर प्रवास आठवडाभर पुढे ढकलताना कोणाच्या मनावर तिकिटाचं ओझं राहत नाही.