साताऱ्याच्या माणसाचा मुक्काम

साताऱ्याचा माणूस पाचगणीला जातो तो पाहुण्यांना दाखवायला. टेबललँड, घोड्यांची लीद, भाजलेलं कणीस, आणि अंधार पडायच्या आत पसरणी घाट उतरायचा. दीड तासावर घर असताना मुक्काम कशाला? लहानपणी मुंबईची मावशी आली की आमची वरात एसटीने निघायची. पिशवीत चपात्या, बटाट्याची भाजी आणि बाबांचं सगळं लक्ष घड्याळाकडे. वाईची शेवटची गाडी चुकली म्हणजे संपलं. त्यामुळे पाचगणीची रात्र मी पाहिलीच नव्हती.

परवा पाहिली. जुन्या कॉफीच्या मळ्यात मोजक्या खोल्या, जांभ्याच्या भिंती, वर कौलं. टीव्ही नाही, एसी नाही, गरम पाणी सोलरचं. बाथरूममध्ये पाटी : 'माणशी एक बादली.' पर्यावरणासाठी म्हणे. आमच्याकडे बंब होता तेव्हा आई हेच ओरडून सांगायची, तेही फुकटात.

एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन या साहेबाने पाचगणी वसवली. त्या काळात इथे कॉफीही लावली गेली. आता सगळीकडे दिसतात ते सिल्व्हर ओक. ऑस्ट्रेलियाचं झाड, पण इथलंच असल्यासारखं उभं. त्यांच्या सावलीत कॉफीची काही झुडपं मात्र अजून तग धरून आहेत. एक लाल फळ चावून पाहिलं. साल जाड, गर नावापुरता, जरा गोडसर, आणि आत सपाट बाजूंनी चिकटलेल्या दोन बुळबुळीत बिया. कॉफीचा वास औषधालाही नाही. संध्याकाळी मोठ्या अपेक्षेने कॉफी मागवली तर तिथल्या मामांनी कप, गरम दूध आणि इन्स्टंटची पुडी आणून ठेवली.

"मग ही झाडावरची?"

"ती माकडं खातात."

रात्री ओकांमधून वारा सुटला आणि मला वाटलं, पाऊसच आला. डिसेंबरात! शाल गुंडाळून बाहेर आलो तर स्वच्छ चांदणं, आणि पार खाली धोम धरणाच्या पाण्याच्या कडेने विखुरलेले दिवे. बाबांना हे दाखवायला हवं होतं. अर्थात, त्यांनी इथेही घड्याळच पाहिलं असतं.

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न भाड्याचा विचारला. मी निम्माच आकडा सांगितला.

"एवढ्यात घरी जेवून-झोपून आठ दिवस रोज जाऊन आला असतास," ती म्हणाली.